नववं प्रकरण परीक्षेला नाही

चूक तुकाआबांची. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं ऐकताना तुम्ही उगाच माझ्याकडं बघणार नाही. चहा घ्या, बसा निवांत. माझी जी काय शोभा झाली ती सगळी सांगतो, काही लपवत नाही. फक्त एवढं ध्यानात ठेवा, की सुरुवात म्हाताऱ्यानं केली.

थोडी चूक महाडच्या कॉलेजातल्या आमच्या मराठीच्या सरांचीही. सर पिवळ्या पडलेल्या कागदांवरून नोट्स सांगायचे. कागद इतके जुने, की पान उलटलं की कोपरा तुटून टेबलावर पडायचा. तिसऱ्या वर्षाला मी उठून विचारलं, "सर, या नोट्स तुमच्या आहेत की तुमच्या सरांच्या?" वर्ग हसला. सर म्हणाले, "बाहेर हो." ते बिचारे त्या तासापुरतं म्हणाले होते. मी कायमचा झालो. बाकीचे पेपर दिले, सरांचा पेपर दिलाच नाही. का? राग! राग आला की माणसाला काहीतरी सोडावं लागतं, मी पदवी सोडली.

तर आमच्या वाडीत, म्हणजे पोलादपुराहून आंबेनळी घाटाकडं जाताना उजव्या हाताला वर दिसते ती, मी घरी बसलो. बाप बोलायचा बंद झाला. आई मात्र बोलायची थांबेना. आणि अशात माझ्या मामानं निरोप पाठवला. मामा नात्याला, म्हणजे महाडजवळच्या नाते गावात राहतो आणि महाडच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात कामाला आहे. कारखान्यात स्टोअरला जागा होत होती. मामानं साहेबाच्या कानावर घातलं होतं. साहेबाची अट एकच, पोरगा पदवीधर पाहिजे. म्हणजे मला फक्त सरांचा तो एक पेपर काढायचा होता. मी कुणाला न सांगता फॉर्म भरला. दिवाळीनंतर परीक्षा.

त्या पेपरात निम्मे मार्क एका कादंबरीला. कुणा फादरांनी लिहिलेली. किनाऱ्यावरच्या एका ख्रिस्ती गावात सैतान येतो आणि बाजारात छत्र्या दुरुस्त करायचं दुकान टाकतो. बस्स. शिंगं नाहीत, शेपूट नाही, आग नाही. गिऱ्हाईक मोडकी छत्री घेऊन येतं, स्टुलावर बसतं आणि बोलायला लागतं. बायकोबद्दल, शेजाऱ्याबद्दल, पाद्र्याबद्दल. सैतान छत्रीची काडी सरळ करत ऐकतो आणि शेवटी एकच वाक्य म्हणतो, "तुमचं बरोबर आहे." गिऱ्हाईक खूश होऊन घरी जातं आणि दुसऱ्या दिवशी आणखी थोडं वाईट होऊन परत येतं. प्रत्येक प्रकरणात एक गिऱ्हाईक, प्रत्येकाचा एक कमकुवतपणा. सैतान कुणालाच मोहात पाडत नाही हो! नुसती मान डोलावतो. मला पुस्तक आवडलं. म्हातारी माणसं कशी असतात ते कुणीतरी नीट लिहिलंय, असं वाटलं.

आता हे मी शिकवायला कसा लागलो?

वाडीतले तिघं बाहेरून बीए करत होते. उज्ज्वला वहिनी अंगणवाडी सेविका, तिला वरच्या जागेसाठी पदवी पाहिजे होती. दुसरा सुरेश, पोलादपूर–महाड मिनीडोअर रिक्षा चालवतो. आणि तिसरी सुरेशची बायको सविता, नवरा एकटाच शिकून शहाणा होऊ नये म्हणून. त्यांचे तास महाडला रविवारी, आणि रविवारी सुरेशला पॅसेंजर सुटत नव्हते. एक दिवस तिघं माझ्या ओटीवर आले.

"निलेश भावोजी," उज्ज्वला वहिनी म्हणाली, "तेवढी ती सैतानाची कादंबरी समजावून द्या की."

"मी कॉलेज सोडलेला माणूस."

"सोडलास म्हंजे आत व्हतास ना?" सुरेश म्हणाला. "आमी तर गेटवर पॅसेंजर उतरवतो आनि मागं फिरतो."

ठरलं. शाळेच्या व्हरांड्यात बसायचं, संध्याकाळी दिवेलागणीला. शाळा म्हणजे पोरं नसल्यामुळं बंद पडलेली शाळा. तिची किल्ली तुकाआबांकडं. मी किल्ली मागायला गेलो आणि तिथंच घोळ झाला.

"कशाला रे किल्ली?"

"पुस्तक वाचायचंय आबा. वहिनी वाचणार, मी अर्थ सांगणार."

आबांचे डोळे असे लकाकले म्हणता! महिना श्रावणाचा. आमच्याकडं श्रावणात वाडी पोथी ऐकायला बसते. एक जण वाचतो, दुसरा अर्थ सांगतो, आणि अर्थ सांगताना गावातलेच दाखले देतो. अर्थ सांगायचा मान कित्येक वर्षं आबांचा. पण वाचणारा पोराकडं नालासोपाऱ्याला निघून गेला, देऊळ जीर्णोद्धारासाठी गावकऱ्यांच्या मुंबई मंडळानं पाडलं ते पाडलेलंच राहिलं, आणि आबांचा आवाज असा झाला, की घाटात एसटीनं ब्रेक मारावा. सलग दोन श्रावण पोथीविना गेले होते. आणि मी म्हाताऱ्याला जाऊन काय सांगितलं? वहिनी वाचणार, मी अर्थ सांगणार!

दुसऱ्या दिवशी शाळेत गेलो तर व्हरांडा सारवलेला. चौरंग मांडलेला. त्यावर लाल कापड, बाजूला समई, उदबत्ती. पंधरा-वीस माणसं टोप्या घालून बसलेली. बायका कापूस घेऊन वाती वळायला बसलेल्या. सुरेश, सविता एका कोपऱ्यात वह्या छातीशी धरून.

"आबा, ही पोथी नाही! हे परीक्षेचं पुस्तक आहे."

"वाचनार हायस ना?"

"हो."

"अर्थ सांगनार हायस ना?"

"हो, पण..."

"मंग बसू दे की आमाला. आमी काय पेपर फोडतोय?"

बाळाराम नाना उठून उभे राहिले. नाना म्हणजे मुंबईत गोदीत नोकरी करून परत आलेले, मुंबई मंडळाचे गावातले प्रतिनिधी. गळ्यात चेन, बोलण्यात हिंदी. "एक मिनिट! ये किताब किरिस्तावांची हाय असं माझ्या कानावर आलंय. श्रावणात चालंल काय?"

सगळे आबांकडं बघायला लागले. आबांनी मला विचारलं, "त्यो सैतान करतो काय?"

"छत्र्या दुरुस्त करतो."

"मंग पावसाळ्यात वाचायला काय हरकत हाय?" आबा म्हणाले. "चला, वाचा मास्तर."

मास्तर! आणि "वाचा"! एक गोष्ट तुम्हाला सांगायला हवी. पोथीपाशी बसलेल्याला आमच्याकडं अरे-तुरे करत नाहीत. मग तो कुणी का असेना. सकाळी जो म्हातारा मला "निल्या, म्हशीला पेंढा टाक" म्हणाला होता तोच हात जोडून मला "तुमी" म्हणत होता. मला ते आवडलं का? छे. मी फक्त जरा ताठ बसलो.

पहिलं प्रकरण. एक श्रीमंत शेतकरी चर्चला घंटा देतो, घंटेवर आपलं नाव कोरतो, आणि घंटा वाजली की गावभर बघतो कुणी ऐकली. वहिनीनं वाचलं. मी अर्थ सांगायला लागलो. दाखला द्यायचा तर गावातला दिला पाहिजे. मी काय केलं? देवळाच्या पाडलेल्या भिंतीजवळ ताडपत्रीखाली जी संगमरवरी पाटी पडलीय तिचा दाखला दिला. देवळाचा पाया अजून नाही, पण देणगीदारांची पाटी मात्र कोरून आलीय, आणि पहिलं नाव बाळाराम नानांचं! नाव मी घेतलं नाही. पाटी म्हटली की कळायला वेळ लागतो का?

मला वाटलं, आता नाना उठून जाणार. वाटलं कसलं, मी वाटच बघत होतो.

नाना मांडीवर थाप मारून हसले. "सही बोल्लात मास्तर! आमचा चुलता अगदी अस्साच व्हता!"

बाकीचे नानांकडं बघून हसत होते, नाना मेलेल्या चुलत्याच्या नावानं हसत होते. आणि सगळे माना हलवत म्हणत होते, "मास्तर, तुमचं बरोबर हाय!" सैतानाचं वाक्य त्यांना तेवढ्यात पाठ झालं होतं.

दुसऱ्या दिवशी उपास करून सगळ्या गावाला सांगत फिरणारी बाई. मी जनाआत्याचा दाखला दिला. कोण? तीच, जी साबुदाण्याची खिचडी खाऊन ढेकर देते आणि म्हणते, पोटात अन्नाचा कण नाही. जनाआत्या हसून हसून वाती विसरली आणि शेजारणीला कोपरखळी मारून म्हणाली, "तुझ्या सासूचं काढलंनी बघ गो!"

मला कळेचना. मी इतकं धडधडीत बोलतोय आणि कुणाला लागतच नाही? मग मी आणखी धारदार झालो. म्हाताऱ्यांना मी काय सोडतो? यांनी गावकीत बसून आमच्या पिढीचं काय काय ठरवलं होतं! कुणी कुणाशी बोलायचं, कुणी पालखीला हात लावायचा, कुणी नाही. सगळं बाहेर काढलं, एकेका प्रकरणाला एकेकाचं. गर्दी वाढली. खालच्या वाडीतनं माणसं यायला लागली. कुणी काकडी आणायचं, कुणी चिबूड, कुणी गडव्यातनं ताक. सुरेश मिनीडोअरमध्ये पॅसेंजरांना आदल्या दिवशीचं प्रकरण सांगायचा.

आणि मग दिवसाही लोक यायला लागले. माझ्या ओटीवर. पाऊस सारखा लागलेला, त्यामुळं येताना भिजलेली छत्री कोपऱ्यात टेकवायची, बसायचं आणि बोलायचं.

"मास्तर, उद्या कसला अध्याय?"

"मत्सराचा, काकू."

"मंग आमच्या जावेचं घ्या. तिच्या पोराला नोकरी लागली तवा माझ्या दारावरनं पेढ्याचा बॉक्स उघडा घेऊन गेली. झाकन न लावता! माशा बसल्या पन झाकन नाय लावलंन."

"तुमचं बरोबर आहे काकू."

काकू खूश. तासाभरानं जाऊबाई. छत्री टेकवली, बसली. "मास्तर, उद्या मत्सर हाय ना? मंग आमच्या थोरलीचं घ्या. पेढे दिले तर म्हनाली, गोड कमी हाय."

"तुमचं पण बरोबर आहे."

नाना आले आबांबद्दल सांगायला. आबांचा पुतण्या आला नानांबद्दल सांगायला. सुरेश आला सविताबद्दल सांगायला आणि सविता दारातच भेटली. एकेका दुपारी ओटीच्या कोपऱ्यात छत्र्यांची अशी रांग लागायची, की आई म्हणाली, "दुकान टाकलंस काय रे?"

मी हसलो. आई अडाणी, तिला साहित्य काय कळणार!

अभ्यास? माझा अभ्यास होतच होता की. शिकवतो म्हणजे येतं. आठ प्रकरणं अशी झाली होती, की एकेकावर मी तास तास बोललो असतो.

नवव्या प्रकरणापाशी आलो. आदल्या दुपारी वाचायला घेतलं. एक तरुण धर्मशिक्षक पावसाचा दुकानात शिरतो आणि बोलायला लागतो. गावात कोण खोटा, कोण खादाड, कोण ढोंगी. पान उलटलं, तरी बोलतोच आहे. घडत काहीच नाही. सैतान तर त्याला "तुमचं बरोबर आहे" सुद्धा म्हणत नाही, नुसता ऐकतो. मी दोन पानं वाचली आणि दाखला शोधायला लागलो. आमच्या वाडीत असा माणूस कोण? पुष्कळ विचार केला. एकेक घर डोळ्यांसमोर आणलं. खरं सांगतो, कुणीच सापडेना.

तिकडं दहावं प्रकरण कंजूष म्हाताऱ्याचं, जो झिजेल म्हणून छत्री उघडतच नाही आणि बगलेत धरून भिजत जातो. त्याला दाखले किती? माझ्याकडं तर नुसता साठा झालेला. मी सरळ पानं उलटली.

संध्याकाळी वहिनीला म्हटलं, "दहावं काढा."

वहिनी पानाकडं बघत राहिली. "भावोजी, नववं राहिलं."

"नववं परीक्षेला नाही."

हे मी कशावरून म्हटलं? माझ्यावरूनच. मला कंटाळवाणं वाटलेलं प्रकरण परीक्षेला कशाला येईल?

आबा मागून खाकरले. "परीक्षंला नसंल मास्तर. पन अध्याय हाय ना?"

"आहे."

"मंग मधला अध्याय गाळून समाप्ती कशी करनार? असं नाय चालत."

झालं! मला हेच पाहिजे होतं. मी उठून उभा राहिलो. म्हटलं, हेच तुमचं चुकतं. ही पोथी नव्हे, कादंबरी आहे. पण तुम्हाला काय त्याचं? बापानं केलं म्हणून तुम्ही करता, तुम्ही केलं म्हणून आम्ही करायचं. गाळला अध्याय तर काय आभाळ कोसळणार? रूढी! नुसत्या रूढी! तुमच्यामुळंच ही वाडी मागं राहिली, शाळा बंद पडली, पोरं पळून गेली. एवढा बोललो, की समईची वात दोनदा सारायला लागली.

 आबांनी टोपी सारखी केली. मग हात जोडून म्हणाले, "मास्तर, तुमचं बरोबर हाय."

मी बसलो. दहावं वाचलं. काय रंगलं म्हणून सांगू!

दुसऱ्या दिवशी मामाचा फोन आला म्हणून महाडला गेलो. मामा साहेबाकडं घेऊन गेला. साहेब चांगला माणूस. म्हणाला, निकाल लागेपर्यंत जागा ठेवतो, पास झाल्याचा कागद तेवढा घेऊन ये. मामाच्या घरी नात्याला मुक्काम केला. मामी म्हणाली, स्टोअरमध्ये लागलास की महाडला खोली बघू. मी झोपेतसुद्धा खोलीला रंग कुठला द्यायचा ते ठरवत होतो.

परत आलो तर वाडीत काहीतरी वेगळं. नळावरच्या बायका मला बघून पदर तोंडाशी धरायला लागल्या. नानांनी लांबूनच सलाम ठोकला. सविता हसली आणि सुरेशनं तिला डोळे वटारले.

"काल बसला होता काय तुम्ही?" मी वहिनीला विचारलं.

"व्हय, जरा बसलो व्हतो," वहिनी म्हणाली आणि पोरांना खाऊ वाटायला निघून गेली. तेव्हा अंगणवाडी सुटून दोन तास झाले होते.

मी विचारलं का पुढं, काय वाचलंत? नाही. माझ्याशिवाय हे काय वाचणार! भजन केलं असेल.

राहिलेली प्रकरणं संपली. समाप्तीच्या दिवशी व्हरांड्यात पाय ठेवायला जागा नाही. आबांनी मला चौरंगापाशी बसवलं, खांद्यावर शेला घातला, हातात नारळ दिला. इथपर्यंत रिवाजाप्रमाणं. मग त्यांनी बंडीच्या खिशातनं शाळेची किल्ली काढली. ही एवढी लांब, गंजलेली. दोन्ही हातांनी माझ्यापुढं धरली आणि मोठ्यानं म्हणाले,

"मास्तर, ही किल्ली आता तुमीच ठेवा. तुमी असताना मला काय काम? मी जरा पडतो जाऊन."

आणि व्हरांडा फुटला! हसू म्हणजे कसलं हसू! जनाआत्या शेजारणीच्या मांडीवर आडवी झाली. नाना चष्मा काढून डोळे पुसायला लागले. सुरेश खांबाला मिठी मारून उभा. मला हसण्याचं कारण कळलं नाही, पण डोळ्यांतलं पाणी दिसलं. वाटलं, गहिवरलीत माणसं. मन मोठं करून मी उभा राहिलो आणि भाषण केलं. म्हटलं, "मी तुमच्यावर कठोर बोललो. पण आज तुमच्या डोळ्यांत पाणी बघून वाटतं, शब्द वाया गेले नाहीत. ही किल्ली मी कायम जवळ ठेवीन."

तेव्हा तर दोघी जणी उठून बाहेरच गेल्या.

दिवाळी झाली. परीक्षा महाडच्या आमच्याच कॉलेजात. मी, वहिनी, सुरेश, सविता, चौघं सुरेशच्याच मिनीडोअरमधनं गेलो. मीही परीक्षेला बसतोय हे त्या तिघांना कॉलेजच्या गेटवरच कळलं. वर्गावर देखरेखीला कोण? आमचे सर! माझ्याकडं बघून म्हणाले, "आलास आत?" मी बाकावर जाऊन बसलो. स्टोअर, खोली, रंग, एवढंच डोक्यात ठेवलं.

पेपर हातात आला. कादंबरीवर एकच मोठा प्रश्न, पर्याय नाही. "नवव्या प्रकरणाच्या शेवटी सैतान आपल्या दुकानाची किल्ली तरुण धर्मशिक्षकाच्या हाती का देतो? सोदाहरण स्पष्ट करा."

किल्ली? कसली किल्ली? मी वाचलेल्या दोन पानांत तो नुसता बोलत होता! किल्ली आली कुठनं? आणि नेमकी त्याच वेळी पँटच्या खिशातली शाळेची किल्ली मांडीला टोचली. कायम जवळ ठेवीन म्हणालो होतो ना? ठेवली होती.

आजूबाजूला बघितलं. वहिनीची मान खाली, पेन थांबत नाही. सुरेश, ज्यानं जन्मात मिनीडोअरच्या पाटीशिवाय काही लिहिलं नाही, तो पुरवणी मागत होता! सविता दोन पुरवण्या घेऊन बसलेली. मी काय लिहिलं माहितीये? किल्ली हे मोक्षाचं प्रतीक आहे. सैतानाचं हृदयपरिवर्तन झालं आहे, तरुण पिढीवर त्याचा विश्वास बसला आहे, आणि नव्या विचारांच्या शिक्षकाच्या हाती तो समाजाचं भविष्य सोपवतो. अडीच पानं! सर मागून फिरत आले, माझ्या खांद्यावरून वाकून वाचलं आणि तीन वर्षांत पहिल्यांदाच माझ्याकडं बघून हसले. मला वाटलं, जमलं.

बाहेर आलो. मिनीडोअरपाशी सुरेश चहाचे ग्लास घेऊन उभा, तोंड सुपाएवढं.

"काय मास्तर, किल्लीचा आला की वो! आमाला तर लई सोप्पा गेला."

"तुम्ही नववं वाचलं होतं?"

"तुमी मामाकडं गेलता तवा. आबा म्हनाले, अध्याय गाळून समाप्ती व्हायची नाय. वहिनीनं वाचलं, आबांनी अर्थ सांगितला."

"काय आहे त्यात?"

सुरेश आणि सविता एकमेकांकडं बघायला लागले. शेवटी सविता म्हणाली, "तो मास्तर बोलून बोलून दमतच नाय. मंग सैतान उठतो आनि दुकानाची किल्लीच त्याच्या हातात देतो. म्हनतो, तुमी असताना मला काय काम, मी जरा पडतो जाऊन."

मी खिशात हात घातला आणि परत बाहेर काढला.

"आणि उदाहरण?" मी विचारलं. "सोदाहरण होतं. उदाहरण काय लिहिलंत?"

 उज्ज्वला वहिनी रस्त्यापलीकडच्या दुकानाची पाटी वाचत होती.

"वहिनी!"

"तुमचं नाव नाय घातलं हो भावोजी!" वहिनी एकदम म्हणाली. "मी आपलं 'आमच्या गावातील एक शिक्षक' असं लिहिलंय."

"मी नाव घातलं," सुरेश म्हणाला. "मार्क जास्ती पडतात म्हनून."

वाडीवर पोचलो तो तडक आबांकडं. म्हातारा ओट्यावर सुपारी कातरत बसलेला. मी किल्ली त्यांच्यापुढं आपटली. "एवढं माहीत होतं तर मला सांगितलं का नाही? माझी परीक्षा होती आबा! नोकरी होती!"

आबांनी अडकित्ता खाली ठेवला. चेहरा असा, की लहान पोरानं बघावं आणि विश्वास ठेवावा.

"मला काय ठावं रे तू पन परीक्षंला बसलायस? कुनाला सांगितलंस काय? आनि तसं बघ, मी सांगनारच व्हतो. पन तूच म्हनालास, नववं परीक्षंला नाय. म्हनलं, मास्तरांचं बरोबर असंल."

बघा! पोथी संपली तसा मी परत "तू" झालो होतो.

निकाल लागला. वहिनी पास, सविता पास, सुरेश तर त्या पेपरात केंद्रात पहिला. मी नापास. स्टोअरची जागा नाते गावातल्याच दुसऱ्या एका पोराला गेली.